रेंज गेली तरी फोन संपत नाही

२०२३ च्या पावसाळ्यात देशभरातले असंख्य फोन अचानक किंचाळले. सायलेंटवर ठेवलेले होते, तेही. स्क्रीनवर केंद्राच्या दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश होता. तरीही कुणाला वाटलं फोन हॅक झाला, कुणी घाबरून फोन बंद केला, आणि बऱ्याच जणांनी सेटिंगमध्ये जाऊन तो आवाज कायमचा बंद करून टाकला. आता मुसळधार पावसाचा, विजांचा इशारा असाच येतो, आणि ज्यांनी तो बंद केला त्यांच्या फोनवर येत नाही.

संकटात मोबाईल कसा वापरायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. रील बघायला शिकवावं लागत नाही, म्हणून बाकीचंही येतंच असं आपण धरून चालतो. मग पूर येतो, दरड कोसळते, डोंगरात वाट चुकते. आपण स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या काड्या बघतो, त्या दिसल्या नाहीत की ‘फोन गेला’ म्हणून खिशात टाकतो. त्या क्षणी फोनचा एकच भाग निकामी झालेला असतो. बाकीचे चालू असतात.

एका फोनमध्ये किती यंत्रं?

तीन तरी धरा. पहिलं, जवळच्या टॉवरशी बोलणारा रेडिओ. कॉल, मेसेज, इंटरनेट सगळं त्याच्यावर. दुसरं, जीपीएस, म्हणजे उपग्रहांचे संकेत ऐकून आपण कुठे आहोत हे ठरवणारा कान. याला टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज संपला तरी फरक पडत नाही. तिसरी बॅटरी, जी बाकी दोघांना जगवते. टॉर्च, घड्याळ, साठवलेले नकाशे आणि नंबर हे त्याच बॅटरीवरचे फुकटचे पाहुणे.

यातलं प्रत्येक यंत्र वेगळ्या कारणाने बंद पडतं. त्यामुळे संकटात स्वतःला विचारायचा प्रश्न असा: आत्ता यातलं काय चालू आहे, आणि त्यातून काय साधता येईल?

टॉवर पाण्यात बुडत नाही, मग रेंज का जाते?

टॉवरलाही वीज लागते. वीज गेली की तो आधी स्वतःच्या बॅटऱ्यांवर चालतो, मग असेल तर डिझेल जनरेटरवर. डिझेल संपलं आणि रस्ते पाण्याखाली असले की ते पोचवणार कोण? म्हणून पूर आल्याआल्या रेंज असते आणि काही तासांनी, नेमकी गरज असताना, जाते. दुसरं कारण टॉवरपर्यंत येणारी ऑप्टिकल फायबरची तार. घाटात दरड कोसळली, रस्ता वाहून गेला की त्याच्या कडेने गाडलेली तारही तुटते. टॉवर उभा, वीजही आहे, पण त्याला पुढे बोलायला कुणी नाही.

तिसरं कारण आपण स्वतः. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत ज्याला त्याला घरी फोन लावायचा होता. एक टॉवर एका वेळी ठरावीक कॉलच सांभाळू शकतो. रोजच्या गर्दीच्या हिशेबाने तो बांधलेला असतो, अख्ख्या शहराने एकदम फोन लावण्याच्या हिशेबाने कुणीच बांधत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पाणी चढू लागलं की पहिल्या तासातच महत्त्वाचे कॉल उरकायचे. ‘बघू, वाढलं तर फोन करू’ म्हणत थांबलात, तर वाढेल तेव्हा फोन लागेलच असं नाही.

आणि एका कंपनीची रेंज गेली म्हणजे सगळ्यांची गेली असंही नाही. मोठ्या वादळात सरकार कंपन्यांना आपापले टॉवर सगळ्यांसाठी खुले करायला सांगतं. याला इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी गुजरातमध्ये ते सुरू केलं होतं. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’ असू द्या. तरीही जोडला गेला नाही तर हाताने नेटवर्क शोधून दुसऱ्या कंपनीचं निवडून बघा. आणि स्क्रीनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसत असेल तर निराश होऊ नका. तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि त्यावरून ११२ हा आपत्कालीन नंबर लावता येतो, असा त्याचा अर्थ. ही ओळ वाचून फोन खिशात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

कॉल लागत नाही, मेसेज कसा जातो?

एसटीचं उदाहरण घेऊ. कॉल म्हणजे एसटीतली सीट. तुम्ही बोलत आहात तोवर टॉवरच्या क्षमतेतला एक तुकडा तुमच्यासाठी धरून ठेवावा लागतो. गाडी भरली की तुम्ही खालीच. एसएमएस म्हणजे कंडक्टरच्या हाती दिलेला डबा. त्याला सीट लागत नाही. ही गाडी चुकली तर पुढच्या गाडीने जातो, आणि घेणारा स्टँडवर आला नसेल तर कंट्रोलरच्या टेबलाखाली त्याची वाट बघत राहतो. एसएमएस खरोखर असाच चालतो: कंपनीच्या केंद्रात तो साठवला जातो, समोरचा फोन दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवून बघितला जातो. कॉलला सलग काही मिनिटं रेंज हवी, एसएमएसला क्षणभर मिळाली तरी पुरते.

मग व्हॉट्सअॅप का नको? नको असं नाही, त्याच्यावर विसंबू नका एवढंच. त्याला इंटरनेटची जोडणी लागते, आणि गर्दीत सगळ्यात आधी तीच गुदमरते. घड्याळाचं चिन्ह घेऊन मेसेज तासभर तसाच बसतो आणि आपल्याला वाटतं आपण कळवलं. पुराचा व्हिडिओ पाठवायचा मोह तर सोडाच. उलट घरचं वायफाय इन्व्हर्टरवर चालू असेल तर व्हॉट्सअॅप उत्तम. ‘वायफाय कॉलिंग’ आधीच सुरू करून ठेवलं असेल तर मोबाईलची रेंज नसतानाही साधा कॉल त्यावरून जातो.

एसएमएसबद्दल एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटीही मोजल्या जातात. त्याहून लांब झाला की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा पोचावा लागतो. तेव्हा रेंज अर्धमेली असताना ‘aamhi chaughe, gadavar, paay modla’ या धर्तीचं रोमन मराठी चालवून घ्या. मराठी भाषा गौरव दिन फेब्रुवारीत आहे, तेव्हा भरपाई करू.

तो कर्कश आवाज

त्याचं नाव सेल ब्रॉडकास्ट. मघाच्याच स्टँडवर लाऊडस्पीकरची घोषणा होते, तसं समजा. ती प्रत्येकाच्या कानात जाऊन सांगावी लागत नाही. टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन ऐकतात. तुमचा नंबर कुणाला माहीत असावा लागत नाही, नेटवर्कवर कितीही गर्दी असली तरी अडत नाही, आणि ठरावीक भागातल्या टॉवरवरूनच पाठवता येतो. म्हणजे चिपळूणला धोका असेल तर नागपूरकरांची झोप मोडत नाही.

‘मग माझं लोकेशन सरकारला कळतं का?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर: नाही, कळत नाही. रेडिओवर बातम्या ऐकताना आकाशवाणीला तुम्ही कुठे बसला आहात हे कळत नाही, तेवढंच इथेही. फोन फक्त ऐकतो. तेव्हा सेटिंगमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ शोधा आणि बंद केलं असेल तर चालू करा. रात्री दोन वाजता धरणातून विसर्ग वाढल्याचं कळवायला याच्याइतकी खात्रीची दुसरी सोय तुमच्या उशाशी नाही.

११२ लावला, आता काय बोलायचं?

बहुतेक संभाषणं अशी सुरू होतात:

— ११२, काय मदत हवी?
— अहो, पाणी घुसलंय घरात, लवकर पाठवा कुणाला तरी!
— कुठून बोलताय?
— वडगावहून. मारुतीच्या देवळामागे.

बोलणाऱ्याच्या दृष्टीने यात काही चूक नाही. पण महाराष्ट्रातला ११२ चा कॉल तुमच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईत महापेला असलेल्या नियंत्रण केंद्रात किंवा नागपूरच्या केंद्रात जातो, आणि तिथून तुमच्या भागातल्या गाडीला निरोप जातो. तिथे बसलेल्या माणसापुढे वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, कोल्हापूरकडचं पेठ वडगाव आहे. मारुतीचं देऊळ तर प्रत्येक गावात.

म्हणून पहिलं वाक्य ठिकाणाचं, आणि ते मोठ्याकडून लहानाकडे: जिल्हा, तालुका, गाव, वाडी, खूण. मग काय झालं, किती जण, कुणी जखमी आहे का. क्रम असा एवढ्यासाठी की कॉल मध्येच तुटला तरी निदान कुठे जायचं ते समजलेलं असावं. काय झालंय हे कळलं आणि कुठे ते कळलं नाही, तर गाडी निघणार कुठे?

‘पण फोनवरून त्यांना लोकेशन दिसतंच की.’ दिसतं, पण नेहमी नेमकं नाही. टॉवरवरून काढलेलं ठिकाण खेड्यापाड्यात काही किलोमीटर इकडेतिकडे असू शकतं, कारण तिथे टॉवर लांब लांब असतात. अंधारात, पावसात, ऊसाच्या शेतांमधून तेवढं अंतर शोधणं म्हणजे रात्र गेली.

आपण कुठे आहोत हेच माहीत नसेल तर आजूबाजूला लिहिलेलं वाचा. रस्त्याच्या कडेच्या दगडावर किलोमीटरचा आकडा असतो. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. रेल्वेरुळांच्या बाजूच्या विजेच्या खांबांवर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक असलेली पाटी असते, लोकल अडकली तर तो क्रमांक सांगा. गावात विजेच्या डीपीवर नाव किंवा क्रमांक रंगवलेला असतो, बंद दुकानाच्या पाटीवर पत्ता असतो. एवढं जरी सांगता आलं तरी शोधणाऱ्याचं काम अर्धं होतं.

चुकून ११२ लागला, खिशात बटण दाबलं गेलं, तर घाबरून कट करू नका. ‘चुकून लागला, सगळं ठीक आहे’ एवढं सांगा. नाहीतर ते उलट फोन करत बसतात, आणि ते त्यांचं कामच आहे. वैद्यकीय मदतीसाठी १०८ आणि आगीसाठी १०१ हे नंबर लक्षात असतील तर तेही ठेवाच.

रेंज शून्य, पण आकडे आहेत

हा भाग सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी, पण शेतावर, जंगलात, दरडीपलीकडे अडकलेल्या कुणालाही लागू आहे.

गूगल मॅप्स उघडा. नकाशा कोरा दिसेल, निळा ठिपका मात्र दिसेल. त्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, की दोन आकडे येतील. सिंहगडावर असाल तर साधारण १८.३६५७, ७३.७५५३ असे. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दशांश चिन्हानंतर चार आकडे दिलेत तर शोधणारा तुमच्यापासून दहा-अकरा मीटरच्या आत पोचतो. दोनच दिलेत तर किलोमीटरभराची चूक होऊ शकते, आणि कड्याच्या वर की खाली हा प्रश्न उरतोच.

आकडे बरोबर वाचले का हे तपासायची सोपी खूण आहे. महाराष्ट्रात कुठेही असा, पहिला आकडा १५ ते २२ च्या आसपास आणि दुसरा ७२ ते ८१ च्या दरम्यान येणार. गोव्यात १५ आणि ७४ च्या जवळपास. घाईत अदलाबदल झाली तर शोधपथकाचा नकाशा नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रावर जाऊन थांबतो.

इंटरनेट नसताना जीपीएसला वेळ लागतो, हे लक्षात ठेवा. एरवी कोणता उपग्रह कुठे आहे याची यादी फोन इंटरनेटवरून झटकन घेतो. ते नसलं की ती माहिती थेट उपग्रहाकडून उतरवून घ्यावी लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे सांगतो. मोकळ्या आभाळाखाली फोन घेऊन काही मिनिटं गप्प उभं राहावं लागतं. गुहेत, दाट झाडीत, कड्याला चिकटून उभं राहून ‘जीपीएस पण चालत नाही’ म्हणू नये. ट्रेकला निघण्याआधी तो भाग ऑफलाइन नकाशा म्हणून उतरवून घ्या, म्हणजे कोऱ्या पाटीवरचा ठिपका बघावा लागणार नाही.

आता हे आकडे कुणाला? घरच्या किंवा गटातल्या एका जबाबदार माणसाला एसएमएस. त्यात माणसं किती, कुणाला काय झालं, आकडे, बॅटरी किती उरली, आणि शेवटी ‘दर तासाला पहिली पाच मिनिटं फोन चालू ठेवतो’. पुढचे कॉल तो माणूस करेल: ११२ ला, आणि डोंगरातली अडचण असेल तर महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना, जी लोणावळ्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं हेच काम करत आली आहेत. मेसेज सुटला की तिथेच थांबायचं. दिलेल्या आकड्यांवर तुम्ही सापडला नाहीत तर मदतीला आलेली माणसंही धोक्यात येतात. रेंज मिळेल म्हणून धुक्यात कड्याच्या टोकाकडे सरकत जाणं हा वेडेपणा आहे, आणि तो दर पावसाळ्यात होतो.

रात्र झाली तर टॉर्चने इशारा देता येतो. डोंगरातला जगभर मान्य असलेला इशारा म्हणजे मिनिटाला सहा वेळा उजेड, मग मिनिटभर अंधार, पुन्हा सहा. समोरून मिनिटाला तीन वेळा उजेड आला की त्यांनी तुम्हाला पाहिलं. शिट्टीलाही हाच नियम, आणि शिट्टीला बॅटरी लागत नाही.

बॅटरी कोण खातं?

स्क्रीन तर खातेच. पण रेंज नसलेल्या दरीत खिशात पडून राहिलेला फोनही खातो. टॉवर लांब असला की त्याच्यापर्यंत पोचायला फोन जास्त ताकदीने ओरडतो, आणि टॉवर नसलाच तर शोधतच राहतो. ‘फोन वापरलाच नाही तरी संध्याकाळी बॅटरी दहा टक्के’ हे कोडं ट्रेकवर सगळ्यांना पडतं, त्याचं उत्तर हे.

तेव्हा रेंज नाही हे नक्की झालं की फ्लाइट मोड. बहुतेक फोनमध्ये त्यातही जीपीएस चालू राहतो. ठरलेल्या वेळी पाच मिनिटं फ्लाइट मोड काढायचा, मेसेज जातायत-येतायत का बघायचं, पुन्हा लावायचा. चौघे असाल तर चारही फोन एकदम चालू ठेवू नका, एक चालू आणि तीन बंद. हिमालयात गेलात तर फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा, थंडीत बॅटरी दाखवते त्याच्या आधीच मान टाकते.

मोबाईलमुळे वीज अंगावर पडते का?

नाही. हा समज जगभर पसरलेला आहे. २००६ मध्ये लंडनच्या एका बागेत मोबाईलवर बोलताना वीज पडून जखमी झालेल्या मुलीविषयी डॉक्टरांचं पत्र ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं आणि त्याच्या बातम्या झाल्या. पण वीज शोधते ती उंच, एकटी, टोकदार वस्तू. हातातला वीतभर फोन तिच्या हिशेबात येत नाही. मोकळ्या रानात उभे असलेले तुम्ही येता, एकट्या झाडाखाली आसरा घेतलेले तर नक्कीच. मोबाईल फेकून देऊन झाडाखाली धावणारा माणूस कमी धोक्यातून जास्त धोक्यात जातो.

धोका असतो तो तारेचा. चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरणं म्हणजे विजेच्या तारेचं टोक कानाला धरणं. लांब कुठे तारेवर वीज पडली तरी तिचा झटका वायरिंगमधून घरात येतो. तारेचा जुना लँडलाइन फोनही त्यातच. गडगडाट सुरू झाला की चार्जर काढा, मग निवांत बोला.

वीज किती लांब आहे हे फोनच्या घड्याळावर मोजता येतं. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनाने भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’ अॅप आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. मृगाच्या आधी शेतात राबणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असायला हवं.

गॅसचा वास येतोय, फोन लावू का?

लावा, पण बाहेर जाऊन. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, आणि हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं तरी ठिणगी पुरते. मोबाईलची ठिणगी होण्याची शक्यता अगदी कमी. दिव्याच्या बटणाची, फ्रीजची, बेलची ठिणगी मात्र खरी. म्हणून कुठलंच बटण लावू नका आणि बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, माणसं बाहेर काढा, आणि अंगणातून किंवा खालच्या मजल्याच्या बाहेरून १९०६ लावा. गॅसगळतीसाठी हाच देशभरातला नंबर आहे.

पेट्रोल पंपावर ‘मोबाईल वापरू नका’ची पाटी आणि तिच्याच खाली क्यूआर कोड, हा विनोद आता जुना झाला. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरच्या आगींचा मागोवा घेतला तेव्हा मोबाईलमुळे लागलेली एकही आग सापडली नाही, अंगावरच्या स्थिर विद्युतभारामुळे लागलेल्या मात्र सापडल्या. तरीही नियम पाळा. साधे फोन ज्वलनशील वाफेत वापरण्यासाठी तपासलेले नसतात, आणि टाकीत नळी असताना फोनमध्ये बघणारा माणूस सांडलेलं पेट्रोल बघत नाही. पैसे टाकीपासून चार पावलं लांब उभं राहून दिले तर काय बिघडतं?

भिजलेला फोन

तांदळात ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, वर पीठ आणि कण आत जातात. अॅपलनेही ग्राहकांना तसं बजावलं आहे. बंद करा, पुसा, चार्जिंगचं तोंड खाली करून हलकेच झटका, वाऱ्यावर ठेवा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जरला लावू नका. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेल्या फोनची चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. पंचगंगेचं गढूळ पाणी त्या चाचणीत नव्हतं. घरात पाणी शिरलं असेल तर फोन चार्ज करण्यासाठी ओल्या जमिनीवर उभं राहून प्लगला हात लावणं हे फोन बुडण्यापेक्षा कितीतरी मोठं संकट आहे. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन घालून तोंड घट्ट बांधा, बाहेरूनही स्क्रीन चालते.

उपग्रहावरून बोलणारा फोनच घेऊन टाकू का?

परदेशातल्या भाच्याने गार्मिनचं सॅटेलाइट यंत्र आणून देतो म्हटलं, तर त्याला आधी थांबवा. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी साधनं बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी पर्यटक महिलेला अशाच यंत्रामुळे पोलीस कारवाईला सामोरं जावं लागलं. ट्रेकसाठी आणलं होतं हे कारण तिथे चालत नाही.

घरापासून लांब असलेल्यांसाठी

मुलगा फ्रँकफुर्टला, आई सांगलीत, कृष्णेला पाणी चढलेलं. मुलाने तिथून ११२ लावला तर जर्मनीचं केंद्र उचलेल, कारण युरोपातही आपत्कालीन नंबर तोच आहे. बंगळुरूहून लावला तर कर्नाटकचं. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबरही ज्या जिल्ह्यातून लावाल तिथला लागतो. तेव्हा गावाकडच्या जिल्हा नियंत्रण कक्षाचा एसटीडी कोडसकट पूर्ण नंबर आजच शोधून साठवा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो असतो. शेजाऱ्यांचा आणि पोलीस पाटलांचाही ठेवा.

आईकडे बटणांचा फोन असेल तर १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटणाची सोय बंधनकारक आहे: ५ किंवा ९ दाबून धरायचा. स्मार्टफोनमध्ये पॉवरचं बटण पाठोपाठ तीन वेळा, काही अँड्रॉइडमध्ये पाच वेळा. तिच्या फोनमध्ये नेमकं काय आहे ते सुट्टीला घरी गेलात की सेटिंगमध्ये बघून तिला दाखवा. खरंच दाबून बघू नका, खरंच ११२ ला लागतो.

आणि पाणी चढलेल्या दिवशी सहा नातेवाइकांनी दर पंधरा मिनिटांनी ‘काय झालं?’ विचारलं तर दुपारपर्यंत आईची बॅटरी संपते. एकाने विचारावं, बाकीच्यांनी त्या एकाला विचारावं.